जुन्या इंग्रजीतील 'एंड्स' या शब्दाला पर्यायी शब्द कोणते?

'उद्दिष्टे' या अर्थाने येणाऱ्या 'एंड्स' या शब्दाला 'एम्स', 'पर्पजेस', 'ऑब्जेक्ट्स' आणि 'गोल्स' हे सर्वांत जवळचे पर्याय आहेत; मात्र ते एकमेकांच्या जागी सरसकट वापरता येत नाहीत. १७७६ सालच्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात, एखादी राज्यव्यवस्था 'या एंड्सना' घातक ठरू लागली तर ती बदलण्याचा किंवा मोडीत काढण्याचा जनतेला हक्क आहे, असे म्हटले आहे, आणि तिथे शब्दाचा रोख आधी सांगितलेले जन्मसिद्ध हक्क सुरक्षित राखण्याकडे असल्यामुळे 'पर्पजेस' हाच पर्याय चपखल बसतो. 'गोल्स' घातल्यास त्याला कंपनीच्या वार्षिक लक्ष्यांचा वास येऊ लागतो. 'ऑब्जेक्ट्स' हा शब्द कायद्याच्या भाषेत, विशेषतः एखाद्या संस्थेच्या स्थापनापत्रात, शोभून दिसतो. 'डिझाइन्स' हाही जुनाच पर्याय आहे, परंतु त्याला अनेकदा कारस्थानाची छटा असते, म्हणून तो जपून योजावा. 'मीन्स' आणि 'एंड्स' अशी जोडी आली असेल, तर माझ्या मते मूळ शब्द बदलूच नये. मराठीत अनुवाद करायचा असल्यास 'साधन' आणि 'साध्य' ही जोडी आयतीच उपलब्ध आहे.