‘तिकडे गेल्यावर बघू’

“नवऱ्याकडे जायचा व्हिसा दोन वर्षं अडकलाय. आता फोनवर आम्ही फक्त भांडतो. आमच्या नात्यातच काही खोट आहे का?” थोड्याफार फरकाने हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला वरचेवर विचारला जातो. उत्तरादाखल एक केस सांगते. परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ती ३१ वर्षांची, फिजिओथेरपिस्ट. लग्न झाल्या झाल्या नोकरी सोडलेली, कारण ‘कधीही निघावं लागेल’. बोलता बोलता तिने पाण्याचा घोट घेतला आणि मान किंचित डावीकडे कलती केली. दाढ दुखते का, विचारलं. म्हणाली, “अकरा महिने झाले. रूट कॅनालला तीन-चार वेळा जावं लागेल म्हणाले. मध्येच निघावं लागलं तर अर्धवट राहील ना? तिकडे गेल्यावर बघू.”

अकरा महिने ही मुलगी एका बाजूने जेवत होती.

नवरा अमेरिकेत, ग्रीन कार्डधारक. बायकोला तिकडे नेण्यासाठी त्याने भरलेला आय-१३० अर्ज मंजूर झाला होता. पण ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराचा एफ२ए हा वर्ग वेगळा, त्यात दरवर्षी किती व्हिसा द्यायचे याला मर्यादा आहे. त्यामुळे मंजुरीनंतरही आपली ‘प्रायॉरिटी डेट’, म्हणजे अर्ज दाखल झाल्याची तारीख, येईपर्यंत रांगेत थांबावं लागतं. रांग कुठल्या तारखेपर्यंत आली ते अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये महिन्यातून एकदा कळतं. कधी कधी ती तारीख पुढे सरकायच्या ऐवजी मागेही जाते. नागरिकाच्या जोडीदाराला ही रांग नसते. त्यामुळे ‘तू नागरिकत्वाचा अर्ज कधी करणार’ हा त्यांच्या भांडणाचा ठरलेला विषय. पहिली दोन सत्रं त्यातच गेली. शेवटी मी सांगितलं, हा प्रश्न इमिग्रेशन वकिलाला विचारा, मला त्यातलं कळत नाही.

बुलेटिन महिन्यातून एकदा येतं हे तिला पाठ होतं. तरी ती दिवसातून वीस-पंचवीस वेळा अर्जाची स्थिती दाखवणारं पोर्टल उघडायची. कारण विचारल्यावर कळलं की मंजुरीची बातमी तिला रात्री पावणेतीनला, सहज बघताना दिसली होती. तेव्हापासून रोज त्या सुमाराला जाग. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं होतं: दाणा दर वेळी न मिळता अधूनमधून, अनपेक्षितपणे मिळाला तर कबुतर चोच मारायचं सहसा सोडत नाही. ‘बघू नका’ असं नुसतं सांगून हे थांबत नाही, हे मला अनुभवाने माहीत आहे. झोप फारच तुटली होती, म्हणून आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. मग ठरवलं की बुलेटिन नवऱ्याने बघायचं, महिन्यातून एकदा, आणि बदल असेल तरच तिला कळवायचं. पोर्टलचा पासवर्ड त्याने बदलला. तिला हे अपमानास्पद वाटलं, आणि त्यावरून आठवडाभर ती माझ्यावरही चिडून होती.

एका सत्राला तोही व्हिडिओवर आला. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, “मॅडम, फोन लावायलाच भीती वाटते. ‘काही कळलं का?’ ऐकलं की मी नवरा नाही, खिडकीतला कारकून वाटतो.” ती हे पहिल्यांदाच ऐकत होती.

म्हणून फाइलबद्दलचं बोलणं रविवारी, पंधरा मिनिटं, गजर लावून. बाकीचे दिवस तो विषय बंद. पहिल्या आठवड्यात फोनवर नुसती शांतता. खरं सांगायचं तर मलाच धाकधूक वाटली होती, की फाइल काढून घेतल्यावर यांच्यात काहीच उरलं नाही तर? आठव्या दिवशी त्याने शिफ्ट बदलल्याचं सांगितलं. ही गोष्ट दोन महिन्यांपूर्वीची होती! त्यावर भांडण झालं, पण ते नवरा-बायकोचं भांडण होतं.

पॉलीन बॉस या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि अशा अवस्थेला ‘अँबिग्युअस लॉस’ (धड स्पष्ट नसलेलं गमावणं) असं नाव दिलं. माणूस गेलेला नाही आणि जवळही नाही, त्यामुळे धड रडताही येत नाही. आमची गोष्ट अर्थातच तितकी भयंकर नव्हती, पण हे समजल्यावर तिचा स्वतःवरचा राग उतरला. ‘इतकं काय झालंय, सगळ्यांनाच थांबावं लागतं’ हे वाक्य ती स्वतःला रोज ऐकवत होती.

तर प्रश्न विचारणाऱ्यांना सांगते, भांडणाचा विषय दर वेळी फाइलच असेल तर खोट नात्यात आहे असं लगेच धरू नका. आधी फाइलशिवाय बोलून बघा. त्यात मारहाण, धमक्या किंवा जीव नकोसा वाटणं असेल तर मात्र थांबू नका, लगेच मदत घ्या.

दाढेचं काम तिने पाच आठवड्यांत उरकलं. बुलेटिनमधली तारीख त्या काळात एकदा पुढे आली आणि एकदा मागे गेली. मग तिने अर्धवेळ नोकरीसाठी मुलाखत दिली आणि आधीच सांगून टाकलं की मला कधीही जावं लागू शकतं, फार तर महिनाभर आधी कळवता येईल. समोरच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावरून नजरही वर न करता म्हटलं, “महिन्याची नोटीस तर सगळेच देतात. सोमवारी याल?”