विमान देखभालीतील करिअर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेत आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तिन्ही विषय तिने घेतले असून तिला विमान देखभाल अभियंता व्हायचे आहे. एका संस्थेच्या माहितीपत्रकात ‘दोन वर्षांत परवाना’ असे छापलेले आहे. त्यावर विश्वास ठेवावा का? शुल्क काही लाखांत असल्याने विचारतो. (एक पालक, लातूर)

उत्तर : ठेवू नये. मुलीचे विषय योग्य आहेत आणि तिची निवडही चांगली आहे. पण कोणतीही शिक्षणसंस्था हा परवाना देऊ शकत नाही, ही गोष्ट पैसे भरण्यापूर्वी घरातल्या सर्वांना नीट समजलेली असावी. परवाना देण्याचा अधिकार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजेच डीजीसीएचा आहे. ‘सीएआर-१४७’ या नियमावलीनुसार मान्यता मिळालेली संस्था अभ्यासक्रम शिकवते आणि तो पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र देते, तर परवान्याच्या अटी ‘सीएआर-६६’ या स्वतंत्र नियमावलीत दिलेल्या आहेत. माहितीपत्रकांमध्ये या दोन कागदांची सरमिसळ वारंवार दिसते आणि तिचा भुर्दंड पालकांना बसतो.

प्रवासी विमानांच्या क्षेत्रात जाणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे साधारणपणे दोन वर्ग असतात. बी१.१ या वर्गात टर्बाइन इंजिनांच्या विमानाचा सांगाडा, इंजिन, यांत्रिक यंत्रणा आणि विद्युत यंत्रणा येतात. बी२ या वर्गात एव्हिऑनिक्स, म्हणजे दळणवळण, दिशादर्शन, स्वयंचलित उड्डाण अशा इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणि त्यांच्या जोडीला विद्युत यंत्रणा येतात. दोन्हींचा मान्यताप्राप्त मूलभूत अभ्यासक्रम २४०० तासांचा असून त्यातला मोठा भाग प्रात्यक्षिकांसाठी राखलेला असतो. याशिवाय डीजीसीएच्या विषयवार परीक्षा, म्हणजे मॉड्यूल, उत्तीर्ण व्हावी लागतात. हे सारे झाल्यावरही प्रत्यक्ष सेवेत असलेल्या विमानांवर देखभालीचे काम केल्याचा दोन वर्षांचा अनुभव नोंदवहीत दाखवावा लागतो. संस्थेच्या आवारात उभे असलेले जुने विमान खोलून जोडणे हे उत्तम शिक्षण आहे, पण त्याने या अनुभवाची अट पूर्ण होत नाही. म्हणून बारावीनंतर किमान चार वर्षे धरून चालावे. एखादे मॉड्यूल राहिले किंवा अनुभवाची जागा मिळण्यास विलंब झाला तर त्याहून अधिक.

संस्थेत चौकशीला जाल तेव्हा इमारत आणि वसतिगृह पाहण्याआधी तीन गोष्टी विचारा. मान्यता कोणत्या वर्गासाठी आहे आणि तिची मुदत कधीपर्यंत आहे, याची उत्तरे डीजीसीएच्या संकेतस्थळावरील यादीशी ताडून पाहता येतात. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : सेवेतील विमानांवरचा अनुभव विद्यार्थ्यांना नेमका कोठे मिळतो, आणि त्यासाठी एखाद्या विमान कंपनीशी किंवा देखभाल केंद्राशी लेखी करार झालेला आहे का? ‘आमचे विद्यार्थी सगळीकडे जातात’ एवढ्याच उत्तरावर समाधान मानू नका. शक्य असल्यास तीन-चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना भेटून त्यांच्या तुकडीतील किती जणांच्या हाती आज परवाना आहे, हे विचारावे. मुलीची रंगदृष्टीही प्रवेशापूर्वीच तपासून घ्यावी, कारण तारा, खुणा आणि इशारादिवे यांचे रंग अचूक ओळखता येणे या कामात अत्यावश्यक असते.

प्रश्न : मी यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेत आहे. एरोनॉटिकल अभियांत्रिकीची पदवी घेतली तर विमान देखभालीचा परवाना आपोआप मिळतो का? (एक विद्यार्थी, इचलकरंजी)

उत्तर : मिळत नाही. एरोनॉटिकल किंवा एरोस्पेस अभियांत्रिकीची पदवी प्रामुख्याने विमानाची रचना, वायुगतिकी आणि संशोधन यांसाठी तयार करते. पवईच्या आयआयटीतील एरोस्पेस विभाग हे त्याचे आपल्या जवळचे उदाहरण. परवानाधारक अभियंता मात्र तयार विमान उड्डाणास योग्य ठेवतो आणि काम संपल्यावर ते सेवेत परत देण्याच्या प्रमाणपत्रावर सही करतो. त्या सहीशिवाय दुरुस्त झालेले विमान पुन्हा उडू शकत नाही. पदविकेच्या बळावर या क्षेत्रात प्रवेश करता येतो, परंतु मान्यताप्राप्त अभ्यासक्रम न करता स्वतः अभ्यास करून मॉड्यूल दिल्यास बी१.१ आणि बी२ साठी अनुभवाची अट दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत जाते. ती पाच वर्षे काढायला हँगरमध्ये, म्हणजे विमान देखभालीच्या शेडमध्ये, नोकरी हवी, आणि ती मिळवणे हाच या वाटेवरचा अवघड भाग आहे. मूळ परवान्यानंतर एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ अशा विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण घेऊन परवान्यावर त्याची नोंद करून घ्यावी लागते, जिला सर्वजण ‘टाइप रेटिंग’ म्हणतात. नोकरी देणारे बहुधा प्रथम तीच पाहतात.

प्रश्न : माझे गणित आणि इलेक्ट्रॉनिक्स चांगले आहे. मॉड्यूल ९, म्हणजे ‘ह्यूमन फॅक्टर्स’ (मानवी घटक), मात्र केवळ पाठांतराचा विषय वाटतो. विमान दुरुस्त करणाऱ्याला त्याचा काय उपयोग? (एक विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : हा विषय तुम्ही सर्वांत जास्त मन लावून वाचावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचे एक विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागाकडे निघाले होते. सुमारे १७ हजार फुटांवर वैमानिकासमोरची काच उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी त्यांना पाय धरून रोखून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउथॅम्प्टनला उतरवले आणि कॅप्टनसह सर्वजण वाचले. ती काच उड्डाणाच्या सुमारे २७ तास आधीच बदललेली होती. चौकशीत आढळले की तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट गरजेपेक्षा साधारण पाऊण मिलिमीटरहूनही कमी फरकाने बारीक होते, आणि उरलेले सहा आखूड होते.

बोल्ट बदलणारा माणूस नवशिका नव्हता. तो अनुभवी होता, आपले काम मनापासून करणारा म्हणून ओळखला जात होता. त्याने जुना बोल्ट हातात घेऊन नजरेने नवा जुळवला आणि सुट्या भागांच्या सूचीत क्रमांक पाहिला नाही. पहाटेची वेळ, अपुरा प्रकाश, मनुष्यबळाची कमतरता, काच बसवताना उभे राहण्याची अडचणीची जागा, आणि दुसऱ्या कोणी ते काम तपासण्याची सक्ती नसणे, अशा अनेक गोष्टी तेथे एकत्र आल्या. गणित आणि इलेक्ट्रॉनिक्स उत्तम असलेल्या माणसाच्या हातूनही असे घडू शकते. थकवा, घाई, वरिष्ठांचा दबाव, पाळी बदलताना अर्धवट सांगितलेली माहिती आणि ‘नेहमी असेच करतो’ ही सवय स्वतःत वेळेवर ओळखता यावी, यासाठी हे मॉड्यूल आहे. परीक्षेपुरती व्याख्या पाठ करण्याऐवजी अपघातांचे चौकशी अहवाल वाचा. ते सार्वजनिक असतात, आणि प्रत्येक अहवालात आपण त्या जागी असतो तर कोणत्या क्षणी थांबलो असतो, हे स्वतःला विचारा.

प्रश्न : माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. इंग्रजीमुळे मागे पडेन का? (एक विद्यार्थी, सटाणा)

उत्तर : सुरुवातीचे काही महिने जड जातील, कारण पाठ्यसामग्री आणि विमान उत्पादकांच्या देखभाल पुस्तिका इंग्रजीतच असतात आणि त्या वाचून समजणे ही परवान्याचीच अट आहे. परंतु या पुस्तिका साहित्यिक इंग्रजीत नसतात. त्यांच्यासाठी मर्यादित शब्दसंग्रहाची, लहान वाक्यांची आणि शक्यतो एका शब्दाला एकच अर्थ देणारी सोपी तांत्रिक इंग्रजी ठरवून दिलेली आहे, आणि जगातील बहुतेक लोक ती दुसरी भाषा म्हणूनच वाचतात. रोज पुस्तिकेचे एक पान घेऊन ते काम मराठीत मित्राला समजावून सांगा, मग पान पुन्हा वाचा. न समजलेले वाक्य अंदाजाने पुढे ढकलण्याची सवय मात्र पहिल्या दिवसापासून टाळावी, कारण हँगरमध्ये तोच अंदाज धोक्याचा ठरतो.

प्रश्न : महाराष्ट्रात राहून नोकरी मिळेल का, आणि भारतीय परवाना परदेशात चालतो का? (दोन वाचक, पुणे व रत्नागिरी)

उत्तर : मुंबई हे जुने केंद्र आहेच. नागपूरच्या मिहान परिसरात मोठ्या विमानांची देखभाल होते, आणि नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले आहे. नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. तेथील काम मुख्यतः लष्करी विमानांचे असल्याने ते नागरी परवान्यापेक्षा वेगळ्या वाटेने मिळते. नवीन परवानाधारकाने पहिली काही वर्षे गावाचा आग्रह धरू नये, असे आमचे मत आहे, कारण दिल्ली, बेंगळुरू किंवा हैदराबाद येथे मिळालेली चांगली टाइप रेटिंग पुढे घराजवळ परतण्यास मदत करते. परदेशाबाबत सांगायचे तर युरोपमधील ‘पार्ट-६६’ या परवाना नियमावलीची रचना आपल्या सीएआर-६६शी बरीच मिळतीजुळती असली, तरी आपला परवाना तेथे आपोआप मान्य होत नाही, आणि आखाती देशांचे विमान वाहतूक प्राधिकरणही स्वतःच्या अटी लावते. जाणाऱ्याने नोंदवहीतील प्रत्येक काम तारीख, विमानाची नोंदणी खूण आणि देखरेख करणाऱ्या अभियंत्याच्या सहीसह पहिल्यापासून लिहून ठेवावे. अपुऱ्या नोंदींमुळे पात्र माणसाचाही अर्ज अडकून पडतो.