घड्याळजींना विचारा : उरुशीची डायल आणि तिच्यावरचं सोनं

प्रश्न : आमचे जावई योकोहामाला असतात. यजमानांच्या साठीला ते काळ्या जपानी लॅकरच्या डायलचं, सोनेरी आकड्यांचं घड्याळ घेऊ म्हणतात. किंमत ऐकून आम्ही दोघंही गप्प झालो. चांगलं मशीन तर साध्या स्टीलच्या घड्याळातही मिळतं. मग नुसत्या रंगाचे एवढे पैसे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, तो डब्यातला रंग नव्हे, झाडाचा चीक आहे. जपानीत त्याला उरुशी म्हणतात. जपानच्या उत्तरेला इवाते प्रांतात जोबोजी नावाचा गाव उरुशीसाठी ओळखला जातो. झाड १० ते १५ वर्षांचं झालं की उन्हाळ्यात त्याच्या सालीवर आडवी खाच पाडतात आणि पाझरलेला चीक खरवडून घेतात. मग झाडाला काही दिवस विश्रांती देऊन आधीच्या खाचेजवळ नवी, थोडी लांब खाच पाडतात. सगळ्या हंगामात एका झाडाचा चीक भरतो जेमतेम २०० ग्रॅम, आणि त्यानंतर ते झाड तोडतात. जपानला लागणारी बरीचशी उरुशी आता चीनहून येते. जोबोजीची थोडी, त्यात जुन्या देवळांच्या आणि राष्ट्रीय ठेव्यांच्या डागडुजीसाठी तिलाच मागणी. म्हणून ती महाग.

हा चीक वाळवायला ऊन चालत नाही. त्याला दमट हवा लागते. साधारण ७० ते ८० टक्के आर्द्रतेच्या लाकडी कपाटात डायल ठेवली, की चिकातलं विकर हवेतला प्राणवायू घेऊन थर कडक करतं. एक थर द्यायचा, कपाटात ठेवायचा, कडक झाला की घासायचा, मग वर पुढचा. काळा रंगही बाहेरून आणून घातलेला नसतो. चिकात लोह मिसळलं की तो आपोआप काळा होतो. त्या काळ्याला जी खोली येते ती छापील काळ्या डायलला कधीच येत नाही. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्यावर हे सांगावं लागत नाही.

सोन्याचं काम याच्यापुढचं. त्याला माकी-ए म्हणतात. कारागीर बारीक केसांच्या ब्रशने उरुशीतच आकडा काढतो. तो ओला आहे तोवर, तोंडाला रेशमी जाळी बांधलेल्या नळीतून त्यावर सोन्याची पूड शिंपडतो. ओल्या रेषेवर पडलेली पूड धरून राहते, बाकीची झटकली जाते. मग पुन्हा कपाट, पुन्हा उरुशीचा हात, पुन्हा घासणं. शेवटची झिलई द्यायला जपानी कारागीर ब्रीम जातीच्या माशाचा दात वापरत आलेत. रेषा उरुशीच्या थरांनी आधी उंच करून मग सोनं शिंपडलं, तर ते ताका-माकी-ए.

एका गिऱ्हाइकाचं २०१९चं ग्रँड सेको घड्याळ माझ्या टेबलावर आलं होतं. त्याच्या डायलवरचं माकी-ए कानाझावाच्या इश्शू तामुरा यांचं, आणि उरुशी जोबोजीची. डोळ्याला आयग्लास लावून १२ वाजायच्या जागेवरची खूण पाहिली. वरून सपाट दिसणारं सोनं भिंगाखाली कणाकणाचं होतं, आणि प्रत्येक कणावर उजेड निराळा पडत होता. कडेची रेघ सरळ होती, पण यंत्राने कापल्यासारखी टोकदार नव्हती, हाताने ओढलेल्या रेघेसारखी किंचित मऊ होती. काट्यांना अडथळा न होता खूण उठून दिसायला हवी. ही उंची हाताने साधलेली पाहून मी बराच वेळ मशीनकडे वळलोच नाही.

तेव्हा पैसे आहेत ते माणसाच्या हाताचे. परवडत असेल तर जावयांना अडवू नका. बजेट कमी असेल तर सेकोच्याच प्रेसाज मालिकेत तामुरांच्या देखरेखीखालच्या काळ्या उरुशी डायल निघाल्या आहेत. सिटिझनच्या कांपानोला मालिकेत जपानच्या आइझू भागातल्या उरुशीच्या डायलही आहेत. सोन्याची नक्षी भरगच्च हवी असेल तर शोपार्ड या स्विस कंपनीची चिनी राशीचक्राच्या प्राण्यांची घड्याळं पाहा. त्यांच्या डायल टोकियोच्या यामादा हेइआंदो या लॅकरकामाच्या पेढीकडून येतात, आणि प्रत्येक प्राण्याची फक्त ८८ घड्याळं काढतात. ती दागिन्याच्या भावाची आहेत. माझा कौल मात्र साध्या काळ्या डायलला. रोज हातावर असेल तीच जास्त आवडते.

प्रश्न : उरुशी आणि बिब्बा एकाच कुळातले असं वाचलं. मला लहानपणी बिब्बा उतला होता, तेव्हापासून धास्ती आहे. असं घड्याळ घातलं तर पुरळ येईल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : वाचलंत ते खरं आहे. उरुशी, बिब्बा, काजू, आंबा ही सगळी एका कुळातली, आणि उरुशीच्या ओल्या चिकाने अंगावर बिब्ब्यासारखेच फोड येतात. तिथल्या नव्या कारागिरांना सुरुवातीला याचा त्रास होतोच. पण पूर्ण कडक झालेली उरुशी सहसा बाधत नाही. जपानी लोक तिच्या वाडग्यातून रोज सूप पितात. तुमची डायल तर काचेच्या आत आहे. निर्धास्त घाला.

प्रश्न : आमच्या सावंतवाडीचं लाखकाम आणि हे एकच ना? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : नाही. आपली लाख किड्यापासून मिळते आणि उष्णतेने मऊ होते. उरुशी झाडाची, आणि एकदा कडक झाली की पुन्हा वितळत नाही. सावंतवाडीच्या गंजिफांवरचं रंगकाम मला फार प्रिय आहे, पण त्याची रीत निराळी. त्याला जपानीच्या नावाखाली ढकलून त्याचा मान वाढत नाही.

प्रश्न : भावाने जुन्या बाजारातून 'माकी-ए' डायलचं घड्याळ घेतलं. ते अस्सल कसं ओळखायचं? आणि सर्व्हिसिंगला दिलं तर काय सांगायचं? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी निदान दहापट भिंग घ्या. नक्षी एकसारख्या ठिपक्यांच्या जाळीची दिसली तर ती छापील आहे. अशी छापील नक्षी 'माकी-ए' नावानेच विकली जाते. ते गैर नाही, पण किंमत छापील मालाचीच द्यायला हवी. खऱ्या कामात कण लहान-मोठे असतात, आणि फिकट होत जाणाऱ्या भागात ते विरळ होत जातात. कंपनीच्या कागदांत उरुशीचा आणि कारागिराचा किंवा कार्यशाळेचा उल्लेख आहे का तेही पाहा. नुसतं 'जपानी लॅकर' लिहिलं असेल तर कृत्रिम लॅकरही असू शकतं.

अस्सल निघालं तर उन्हाला जपा. उरुशीला पाण्याचं किंवा आम्लाचं फार भय नसतं, पण अतिनील किरणांनी तिची झिलई जाते. खिडकीतल्या कपाटात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर घड्याळ ठेवू नका. काळी-तपकिरी उरुशी वर्षांनुवर्षांनी किंचित उजळते. तो दोष नव्हे, त्यावर उपाय शोधू नका.

सर्व्हिसिंगला देताना डायलला हात लावायचा नाही हे पावतीवर लिहून घ्या. काटे काढताना खाली पातळ प्लास्टिक सरकवलेलं असावं. धूळ फुंकणीनेच उडवावी. सोन्याच्या नक्षीवर रोडिको (घड्याळजी मळ टिपायला वापरतात तो चिकट गोळा) दाबू नये, आणि पेट्रोल किंवा कुठलंही सॉल्व्हंट डायलजवळ आणू नये. आपल्याकडे जुन्या डायल सर्रास रीप्रिंट करतात. उरुशीच्या डायलवर तसं केलं की ती कायमची गेली. तेव्हा दुकानदार 'डायलही चकाचक करून देतो' म्हणाला, तर भावाला सांगा, घड्याळ परत घे आणि दुसरं दुकान बघ.