नवा कॅमेरा घेण्याआधी

अरे, फोटो हलतात म्हणून लगेच नव्या कॅमेऱ्याच्या मागे लागू नकोस. आधी शटर स्पीड बघ, म्हणजे फोटो काढताना कॅमेऱ्याचा पडदा किती वेळ उघडा राहतो ते. एपीएस-सी बॉडीवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा कॅमेरा) ५० एमएमची लेन्स हातात धरून १/८० सेकंदापेक्षा हळू गेलास, की फोटो हलायचेच. उजेड कमी असेल तर आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील ते) १६०० कर, म्हणजे शटर वेगात ठेवता येतं. फोटोत थोडे दाणे दिसले तर चालतात.

जुनी लेन्स घ्यायची असेल तर आरपार टॉर्च मारून बघ. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर बुरशी. फुकट मिळाली तरी नको. माझी एक चांगली लेन्स पावसाळ्यात कपाटातल्या चामडी पिशवीत अशीच गेली. आता हवाबंद डबा आणि सिलिका जेल, म्हणजे ओलावा शोषणारे दाणे. दाण्यांचा रंग बदलला की मंद आचेवर तापवून घेतो. तवा मात्र वेगळा, पोळ्यांचा नाही!