एकट्याने सांभाळलेल्या ओपन सोर्स प्रकल्पाने कोणते प्लॅटफॉर्म टेस्ट करावेत आणि कुणाला नाही म्हणावं?

तुम्ही लिहिलंय की पायथनमध्ये एक छोटं ओपन सोर्स टूल केलंय, सांभाळणारे एकटेच आहात, आणि आता एकजण विंडोज ७ वर चालत नाही म्हणून तक्रार करतोय, दुसरा मॅकवर मागतोय, तिसऱ्याला फ्रीबीएसडी (लिनक्ससारखी एक वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम) हवंय.

मी सांगलीत राहतो. आम्ही तिघं मिळून एक मोफत प्रोग्रॅम सांभाळतो. इलेक्ट्रॉनिक काट्यावरचं वजन सिरियल केबलमधून वाचायचं आणि शेतकऱ्याच्या नावाची पट्टी मराठीत छापायची, एवढंच त्याचं काम. मार्केट यार्डातल्या काही हळदीच्या आडत दुकानांत तो रोज चालतो. तुमचा प्रश्न आमच्यापुढेही बरीच वर्षं होता.

आधी 'चालतं' आणि 'आम्ही सांभाळतो' या दोन गोष्टी वेगळ्या करा. पायथन पुष्कळ ठिकाणी चालतं, त्यामुळे तुमचं टूलही चालेल. 'सांभाळतो' म्हणजे तुम्ही शब्द दिला: तिथे काही मोडलं तर ते दुरुस्त केल्याशिवाय नवी आवृत्ती काढणार नाही. असा शब्द एकट्या माणसाला फार थोड्या ठिकाणी देता येतो.

पायथनने स्वतःपुरतं हे 'पेप ११' या दस्तऐवजात नीट लिहून ठेवलंय. तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवरचं काही मोडणारा बदल मुख्य शाखेत, म्हणजे मूळ कोडमध्ये, घेतच नाहीत आणि जबाबदारी सगळ्यांची. दुसऱ्या पायरीसाठी किमान दोन कोअर डेव्हलपरांनी (पायथनच्या मुख्य टीममधल्या माणसांनी) नाव द्यावं लागतं, तिसऱ्यासाठी किमान एकाने. मला ही माणसांची अट सगळ्यात मोलाची वाटते. प्लॅटफॉर्मच्या नावापुढे माणसाचं नाव लिहिता येत नसेल, तर तो यादीत कशाच्या जोरावर आहे?

दुसरा प्रश्न, तुमचे वापरणारे कुठे बसलेत? आम्ही तिघंही उबुंटू लिनक्सवर काम करणारे, म्हणून सगळ्या टेस्ट उबुंटूवरच चालायच्या. मग दोन दुपारी वही घेऊन यार्डात फिरलो. बहुतेक टेबलांवर विंडोज १०, बऱ्याच ठिकाणी विंडोज ७, मॅक एकही नाही. एका दुकानात विंडोज ७ का, असं विचारलं. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा त्यांच्या पेठेतल्या दुकानातला आधीचा संगणक पाण्यात गेला. नंतर हाताशी पैसे होते त्यात जुनं मशीन आणलं, ते आजही चालू आहे. प्लॅटफॉर्म माणूस दर वेळी निवडतोच असं नाही, बऱ्याचदा तो त्याच्या गळ्यात पडलेला असतो. हे कळल्यापासून 'अपग्रेड करा' एवढं एका ओळीचं उत्तर मी कुणाला लिहिलेलं नाही.

वापरणाऱ्याच्या मशीनवर टेस्ट का हवी, ते एका प्रसंगावरून सांगतो. पहिल्याच दिवशी दुकानात प्रोग्रॅम लावला. पोतं काट्यावर चढलं, आकडा स्थिर झाला, दिवाणजींनी 'ज्ञानदेव' नाव टाकून छपाईचं बटण दाबलं आणि प्रोग्रॅम बंद पडला. एररमध्ये 'चारमॅप' असा शब्द होता. एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये कशी साठवायची ती पद्धत, न सांगता फाइल उघडली, की विंडोजवर ३.१४ पर्यंतचं पायथन सिस्टिमचं जुनं कोडपेज (ठरावीक अक्षरांचा तक्ता) धरतं. तिथे ते १२५२ होतं, आणि त्यात देवनागरीचं एकही अक्षर नाही. लिनक्सवर मुळातच युटीएफ-८ असतं, त्यात देवनागरी बसते, म्हणून आमच्याकडे सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास, दिसत होत्या. दुरुस्ती फाइल उघडण्याच्या ओळीत 'युटीएफ-८' लिहिण्याएवढी, पण त्या दिवशी हमाल खोळंबून उभे राहिले आणि दिवाणजींनी सगळ्या पट्ट्या हाताने लिहिल्या. ती वेळ आमच्या चुकीमुळे आली. त्या आठवड्यातच आम्हीही पायथनसारखी पायऱ्यांची यादी धरून विंडोज पहिल्या पायरीवर घेतलं.

सीआयचं, म्हणजे प्रत्येक बदलानंतर टेस्ट आपोआप चालवण्याचं म्हणाल, तर कोड गिटहबवर सर्वांसाठी खुला ठेवला असेल तर तिथे लिनक्स, विंडोज, मॅक तिन्हींची मशीनं फुकट मिळतात, ती जरूर वापरा. पण पाच पायथन आवृत्त्या गुणिले तीन सिस्टिम असे पंधरा जॉब लावू नका. त्यातला एखादा कारण नसताना लाल होत राहतो आणि हळूहळू लालकडे दुर्लक्ष करायची सवय लागते. सगळ्यात जुनी आवृत्ती आणि सगळ्यात नवी, एवढ्या दोनच घ्या. मधल्या आवृत्तीवरच काही मोडलं असं आमच्याकडे क्वचित झालंय.

सीआयला न दिसणाऱ्याही गोष्टी असतात. काट्याची केबल दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावली की विंडोज तिला नवा कॉम नंबर (पोर्टचा क्रमांक) देऊ शकतं आणि प्रोग्रॅम जुन्याच नंबरवर वजनाची वाट बघत बसतो. हे आम्हाला दुकानातच कळलं. तेव्हापासून एक टाकाऊ डेस्कटॉप आणि एक छोटा काटा माझ्या टेबलावर कायम असतो. रिलीजच्या आदल्या दिवशी त्यावर पाच किलोचं माप ठेवून पट्टी काढून बघतो.

आता विंडोज ७. तुमची खालची मर्यादा पुष्कळदा तुमच्या हातात नसते. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा नेहमीचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला थांबवला. त्यावर चालणारं शेवटचं पायथन ३.८, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचाही सपोर्ट संपला. तुम्ही ज्या लायब्ररींवर (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडवर) उभे आहात त्या एकेक करून ३.८ सोडतात, आणि तुम्ही जुन्याच लायब्ररींवर अडकून बसता. फेब्रुवारी २०२१ मध्ये पायथनच्या 'क्रिप्टोग्राफी' पॅकेजमध्ये रस्ट ही दुसरी प्रोग्रॅमिंग भाषा आली, तेव्हा अल्पाइन लिनक्सवरच्या लोकांचे बिल्ड फुटले. अल्फा, एचपीपीए असली जुनी मशीनं चालवणारेही नाराज झाले. तिथे सांभाळण्याचा शब्द कुणी दिला नव्हता, पण 'चालतंय' यालाच लोकांनी शब्द मानलं होतं. म्हणून यादी लिहून ठेवा, रीडमीमध्ये (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमध्ये), वरच.

आम्ही विंडोज ७ साठी एक शेवटची आवृत्ती गोठवली. ती डाउनलोडला ठेवली आणि ठरलेल्या तारखेपर्यंत तिच्यात फक्त वजनाच्या आणि हिशोबाच्या चुका दुरुस्त करू असं लिहिलं. तारीख एक हंगाम आधी सांगितली, दुकानांत प्रत्यक्ष जाऊन. हळदीचे सौदे जोरात असताना कुठलाही प्लॅटफॉर्म सोडायचा नाही, हा आमचा पक्का नियम आहे. तुमच्या वापरणाऱ्यांचाही असा काही हंगाम असेल, परीक्षेचा किंवा मार्चअखेरचा, तो बघून तारीख ठरवा. एका दुकानात त्याच जुन्या मशीनवर हलकं लिनक्स टाकून दिलं. तुम्हीही तसं करणार असाल तर मशीन ६४ बिटचं आहे ना ते आधी बघा, कारण डेबियन १३ पासून ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर मिळत नाही. विंडोज १० चीही मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, पण यार्डात अजून तेच जास्त दिसतं, म्हणून आमच्याकडे ते पहिल्या पायरीवरच आहे.

मॅक मागणाऱ्याला मी असं लिहीन: 'सीआयवर मॅकच्या टेस्ट चालवतो, पण माझ्याकडे मॅक नाही. प्रत्येक रिलीजआधी तुम्ही एकदा चालवून बघाल का? हो म्हणालात तर यादीत तुमचं नाव लिहितो.' तो हो म्हणाला तर दुसरी पायरी.

फ्रीबीएसडीवाल्याचा पॅच, म्हणजे त्याने सुचवलेला कोडमधला बदल, आला तर जरूर वाचा. लहान असेल, जागोजागी 'ही सिस्टिम असेल तर' अशा अटी पेरत नसेल, तर घ्या. तिसरी पायरी, रिलीज त्यासाठी अडणार नाही, हे त्याच दिवशी सांगा. लागोपाठ दोन रिलीजना त्याच्याकडून उत्तर आलं नाही तर नाव काढा, आणि काढल्याचं रिलीजच्या टिपणात लिहा.

आणि विंडोज ७ वाल्याला नाही म्हणण्याआधी एवढं विचारा, की मशीन कुठलं आहे, रॅम किती, आणि त्यावर तुमच्या टूलने तो नेमकं काय करतो. आम्हाला एकाने उत्तर दिलं होतं की त्याला फक्त जुन्या पट्ट्या उघडून बघायच्या आहेत. त्याला गोठवलेली आवृत्ती पुरली.