झोपेच्या वेळी चावणारा मुलगा: मी आधी ताईंकडे बघेन

साडेतीन वर्षांचा मुलगा दुपारी झोपवायला घेतलं की किंचाळतो, जवळ येईल त्याला चावतो, आईशी बोलायला जावं तर ती भडकते आणि पाळणाघरात त्याला सांभाळणाऱ्या दोन ताई नोकरी सोडायचं म्हणताहेत. मुलाचं काय करू, असं तुम्ही विचारलंय. मी त्या दोन ताईंपासून सुरुवात करते.

एवढ्या लहान मुलाला घाबरल्यावर एकट्याने शांत होता येत नाही. शेजारच्या मोठ्या माणसाचा आवाज, श्वास, स्पर्श यांच्या आधारानेच ते सावरतं. त्या माणसाचीच छाती धडधडत असेल तर मूल काय सावरणार? पाळणाघराची जबाबदारी नवीन होती तेव्हा मी ताईंना नुसतं 'संयम ठेवा' सांगत राहिले. सगळ्यात मायेची ताई महिन्याभरात सोडून गेली आणि तिलाच बिलगणाऱ्या मुलाचं आणखी एक माणूस तुटलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून झोपेच्या वेळी दोघींची जोडी ठेवा. एकीने 'तू ये' म्हटलं की दुसरीने का, कशाला न विचारता जागा घ्यायची. आठवड्यातून एकदा, मुलं नसताना, तासभर बसा. कामाचा हिशेब तेव्हा नको. आज काय सोसलं, कशाची भीती वाटली, एवढंच बोलायचं. तो तास पगारी धरा, नाहीतर ते आणखी एक ओझं होतं.

मुलासाठी: खोली पूर्ण अंधारी करू नका, गादी दार दिसेल अशी घाला, वरून वाकू नका, बाजूला जमिनीवर बसा. झोपलंच पाहिजे असं नाही, पुस्तक घेऊन पडू दे. चावायला आला तर हात अडवून, 'चावू देणार नाही. मी इथेच आहे.' एवढंच म्हणा. कोपऱ्यात एकटं बसवू नका. पूर्वी त्याच्यासोबत काही वाईट झालं होतं का, हे त्याच्याकडून खोदून काढायचं नाही. मात्र तो स्वतःहून काही बोलला किंवा अंगावर खुणा दिसल्या, तर त्याच दिवशी बालसंरक्षण यंत्रणेला कळवा.

आता आई. दारात, दिवसभराची दमलेली असताना, 'आज पुन्हा चावला' ऐकलं की तिला ते 'तू वाईट आई आहेस' असंच ऐकू येतं. सॅन दिएगोत १९९५ ते १९९७ मध्ये १७ हजारांहून अधिक प्रौढांना बालपणातल्या आघातांबद्दल विचारलं, तेव्हा जवळपास दोन-तृतीयांश लोकांनी किमान एक तरी सांगितला. ती आई त्यांपैकी असेल, तुमची ताईही असेल. (पण असे आघात मोजून कुणा मुलाला गुण देऊन त्याचं भविष्य ठरवू नका. त्या अभ्यासाचे एक प्रमुख रॉबर्ट अँडा यांनीच २०२० मध्ये गुणांच्या अशा वापराबद्दल सावध केलं.) आठवडाभर तिला रोज त्याची एक चांगली गोष्ट सांगा, अगदी खरी. मग विचारा, 'घरी तो कशाने शांत होतो? आम्हालाही शिकवा.'

इतकं करूनही एखादी ताई गेलीच, तर तिला गुपचूप जाऊ देऊ नका. काही दिवस आधी मुलाला सांगा, तिचा एक फोटो त्याच्या हाताला लागेल असा ठेवा आणि निरोप तिनेच घ्यावा.