आयनिक द्रव आणि औषधांचे शुद्धीकरण

प्रश्न : मी औषधनिर्माणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. पाण्यात न विरघळणारी औषधे आयनिक द्रवांत विरघळतात व हे द्रावक ‘हरित’ आहेत, असे वाचले. मग औषध कारखान्यांत अजूनही मिथेनॉल, टोल्यूइनच का वापरतात?

उत्तर : साधे मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळते, पण क्षारातील आयन (विद्युतभारित कण) मोठे आणि बेडौल असले, तर तो शंभर अंशांखालीच द्रवरूप होऊ शकतो, आणि अशा क्षारांना आयनिक द्रव म्हणतात. पॉल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये वर्णिलेले इथिलअमोनियम नायट्रेट सुमारे १२ अंशांनाच वितळते. औषधाचे रेणू स्फटिकात हायड्रोजन बंधांनी बांधलेले असतील, तर ॲसिटेटसारखा ऋण आयन त्या बंधांत स्वतः शिरून रेणू मोकळे करतो. नंतर पाणी मिसळले की ते या आयनांना आपल्याकडे ओढते, औषधाची द्रावणीयता घसरते, स्फटिक पडतात आणि अशुद्धी बऱ्याच अंशी मदर लिकरमध्ये, म्हणजे स्फटिक पडल्यावर उरलेल्या द्रावणात, राहतात.

खरी अडचण गाळल्यानंतरची आहे. स्फटिकांना चिकटलेले मिथेनॉल निर्वात वाळवणीत उडून जाते. आयनिक द्रवाचा बाष्पदाब (वाफ होण्याची प्रवृत्ती) मात्र इतका नगण्य असतो, की कामगाराच्या श्वासात वाफ जाऊ न देणारा हा द्रव वाळवणीतही हटत नाही. मग स्फटिक पुनःपुन्हा धुवावे लागतात, दर धुण्यात थोडे औषधही वाहून जाते, आणि धुण्याच्या पाण्यातून द्रव परत मिळवण्यासाठी ते पाणी आटवण्यात बरीच ऊर्जा खर्च होते. शिवाय अवशिष्ट द्रावकांविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत मिथेनॉलसाठी ३००० पीपीएम (दशलक्ष भागांत ३००० भाग) ही मर्यादा ठरलेली आहे. आयनिक द्रव त्या यादीत नाहीत, त्यामुळे किती अवशेष निर्धोक आहे हे उत्पादकालाच विषशास्त्रीय पुराव्यानिशी दाखवावे लागते.

‘हरित’ हे बिरुद तर मी सरसकट लावणार नाही. आयनिक द्रवांपैकी लांब अल्किल (कार्बन-हायड्रोजनच्या) साखळीचे इमिडाझोलियम क्षार जलचरांना विषारी असतात, आणि काही आयनिक द्रवांतला हेक्झाफ्लुरोफॉस्फेट हा ऋण आयन पाण्याच्या सान्निध्यात विघटित होऊन विषारी हायड्रोजन फ्लुओराइड सोडू शकतो.

माझ्या मते, औषधाच्या अंतिम स्फटिकीकरणापेक्षा आधीच्या टप्प्यांत आयनिक द्रवांना अधिक वाव आहे. बीएएसएफ कंपनीने फॉस्फरसयुक्त रसायनांच्या निर्मितीत असेच केले : अभिक्रियेतल्या आम्लाला मिथिलइमिडाझोल हे आम्लारी पकडते, तयार होणारा क्षार ७५ अंशांना वितळतो, आणि घन गाळ होण्याऐवजी वेगळा थर बनून खालून सरळ काढून घेता येतो.